उरलेलं आवण

वरसाव्यात पडीक जमिनीला एक वाईट खोड आहे. ती एका रात्रीत उंच होते. संध्याकाळी बघावं तर भाताचं खाचर जिथल्या तिथे, बांधावर बगळा उभा. सकाळी बघावं तर खाचराच्या जागी विटांचा चुरा, फुटक्या फरश्या आणि कुणाच्या तरी मोरीतल्या निळ्या टाइल्स. डंपर कुणाचा, कुणी बोलावला, कुणालाच माहीत नसतं. तिकडे मीरा रोडला एखादी जुनी भिंत पडली की इकडे घोडबंदर रोडच्या अंगाला एक शेत बुजतं, एवढं मात्र सगळ्यांना माहीत असतं.

पुष्पलताच्या शेजारचं हरिश्चंद्रचं खाचर असंच गेलं. एक पावसाळा त्याने लावणी केली नाही. "पुडच्या साली बगू," म्हणाला. पुढच्या साली बघायला टाइल्स होत्या.

तेव्हापासून पुष्पलताने मनाशी गाठ मारली होती. आपली दोन्ही खाचरं, वरचं आणि खालचं, हिरवी दिसली पाहिजेत. भात किती पिकतं ते नंतर. हिरव्यावर भराव ओतताना डंपरवाल्याचाही हात अडखळत असेल, अशी तिची समजूत होती. समजूत खरी की खोटी हे तिने कुणाला विचारलं नव्हतं. काही समजुती विचारायच्या नसतात, नुसत्या पाळायच्या असतात.

पण त्या वर्षी, म्हणजे दोन हजार सहा साली, शिवदासने बसकण मारली. शिवदास म्हणजे तिचा नवरा. पोरवयात बापाबरोबर मिठागरात राबला, मग जन्मभर टेम्पो चालवला. मिठाने आणि क्लचने मिळून त्याचे गुडघे खाल्ले होते.

"यंदा न्हाय जमायचं, पुष्पे," तो म्हणाला. "गुडघा बग, नारलासारखा जालाय."

"नारल फोडून खायाला तरी येतो. तुमचा गुडघा कनच्या कामाचा?"

बोलली ती फाडकन, पण रात्री निरगुडीचा पाला गरम करून तिनेच बांधला.

अशात एक दिवस स्कूटीवरून, गुलाबी रेनकोटात, समीक्षा आली. कृषी सेविका, नवीन नेमणूक, राहायला मीरा रोडच्या पूनम सागरला. आईवडील गिरगावची खोली विकून तिथे आलेले. शेतकी कॉलेजातून पास झालेली ही मुलगी सोसायटीत एकदम महत्त्वाची होती. बायका तिला कुंडीतल्या मोगऱ्याला कळ्या का येत नाहीत ते विचारायच्या. वरसाव्यात मात्र ती ज्या ओट्यावर जाई तिथे एकच प्रश्न: "कुठल्या बिल्डरची गो तू? जागा बगायला आलीस?"

"नाही हो, मी सरकारी आहे. शेती बघायला आलेय."

मग लोक जास्तच हसत.

शेवटचा ओटा पुष्पलताचा होता. समीक्षाने भिजल्या पिशवीतून एकेक वस्तू काढून मांडली. योजना साधी होती. छोट्या शेतकऱ्याने एक खाचर द्यायचं, सरकार बियाणं देणार, खताच्या गोळ्या देणार आणि चारसूत्री पद्धतीने भात कसं लावायचं ते शेजारी उभं राहून शिकवणार. ते शेत मग बाकीच्या गावांना दाखवायचं. प्रात्यक्षिक. आणि ते नीट उभं राहिलं तर पुढच्या वर्षीही मदत त्याच शेताला.

"पुडच्या वर्सी पन?" पुष्पलताने विचारलं.

"हो काकू. तीन वर्षांची योजना आहे."

तीन वर्षं हिरवं. पुष्पलताने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने छपराकडे.

शेवटी नवराबायकोत तह झाला. वरचं खाचर सरकारच्या पद्धतीने लावायचं. खालचं यंदा सोडून द्यायचं, त्यावर एक शब्द बोलायचा नाही. शिवदासने राबही, रोपं उगवायचा तो वाफा, तेवढाच केला, पेरलं तेवढंच. म्हणजे आवण, ती लावायची कोवळी रोपं, वरच्या खाचरापुरतीच होणार. पुष्पलताने तह पाळला. पण खालच्या खाचराकडे गेली की तिला पाण्याच्या आत निळं निळं काहीतरी दिसायचं.

आता लावणीचं सांगायचं तर वरसाव्यात ती कुणी एकट्याने करत नाही. आज हिच्या शेतात, उद्या तिच्या. मजुरी नाही, आमंत्रण नाही, नुसती एक हाक. पुष्पलता लग्न होऊन आली त्या पावसाळ्यापासून तिने कधी हाक चुकवली नव्हती. या वेळी पहिल्यांदा तिने हाक मारलीच नाही. कारण? दोरी.

समीक्षाने नायलॉनची एक दोरी आणली होती. तिला ठरावीक अंतरावर लाल चिंध्या बांधलेल्या. दोरी या बांधापासून त्या बांधापर्यंत ताणायची आणि चिंधीपाशीच चूड लावायचा, मधे लावायचा नाही. एका चुडात रोपं दोन, फार तर तीन. मग चार चुडांच्या मधे चिखलात एक खताची गोळी खुपसायची. हे असलं लावणं शेजारच्या विमलाबाईने पाहिलं असतं तर घोडबंदरपर्यंत बातमी गेली असती की पुष्पी आता शिंप्यासारखं माप घेऊन भात लावते.

म्हणून चौघांनीच उरकलं. एका बांधावर उलट्या बादलीवर शिवदास, दोरीचं एक टोक धरून. दुसऱ्या बांधावर मुलगा प्रणय, कॉल सेंटरातून एका दिवसाची सुट्टी काढून, दुसरं टोक धरून, कानात इअरफोन घालून. मधे चिखलात पुष्पलता आणि समीक्षा.

"एवडी गोली कशाला देतेस गो?" शिवदासने विचारलं. "पिकाला ताप आलाय?"

"काका, खत वाहून जात नाही याने. हळूहळू लागतं."

"मंग माज्या गुडघ्यात खुपस एक."

संध्याकाळी काम झालं. पुष्पलता बांधावर उभी राहून बघू लागली. दात पडलेल्या फणीसारखं शेत. हिरवं कमी, चिखल जास्त.

"काकू, ही मोकळी जागा हवीच," समीक्षा समजावत म्हणाली. "उजेड पोचतो, फुटवे भरपूर येतात. महिन्याभरात बघा, चिखल दिसणार नाही."

"बाय, आमच्यात मोकली जागा म्हंजे बाईचा आलस."

"मग महिनाभर आळशी व्हा की."

पुष्पलता हसली. या पोरीला चुलीपाशी बसवून तांदळाची भाकरी घालावी असं तिला वाटलं, आणि घातलीही.

दुसऱ्या दिवशी शिवदासच्या गुडघ्याने संप पुकारला. त्याला घेऊन पुष्पलता भाईंदरला गेली. डॉक्टरने गुडघ्यातलं पाणी काढलं आणि बजावलं, "काका, दो दिन पैर नीचे नहीं रखने का." ती रात्र नणंदेकडे काढली. परत यायला दुसरी संध्याकाळ झाली. अंधारात शेताकडे कोण जाणार.

सकाळी स्कूटी वाजली आणि पाठोपाठ बांधावरून समीक्षाची हाक आली. हाक कसली, किंकाळीच.

पुष्पलता धावत गेली. वरचं खाचर गच्च भरलं होतं. ओळ नाही, अंतर नाही, चिंधी नाही. काठोकाठ हिरवं, ताटात भात वाढावा तसं.

"काकू," समीक्षाने शेताकडे बोट केलं, "हे तुम्ही लावलंत?"

पुष्पलताने तोंडावर हात ठेवला. मग वाकून बघितलं. इथे चूड डावीकडे कललेला: ही शेजारची नीलिमा, ती डावखुरी. तिथे एकेका चुडात सहा-सहा रोपं कोंबलेली: ही विमलाबाई, पाहुण्याला वाढल्यासारखं लावणारी. पलीकडे आणखी दोघी-तिघींचे हात. स्वयंपाक चाखून कुणाच्या घरचा ते कळतं, तसं तिला कळलं.

आणि का, तेही कळलं. गावाने बघितलं असणार की शिवदासने राब लहान केला. खालचं खाचर रिकामं. वरच्यात रोपं विरळ-विरळ. पुष्पीने लावणीला हाकसुद्धा मारली नाही. म्हणजे आवण कमी पडलं बिचारीला आणि लाजेपायी बोलली नाही. मग ज्याच्या-त्याच्या लावणीतलं उरलेलं आवण घेऊन बाया मागल्या बाजूने आल्या आणि भरून गेल्या.

"पण न विचारता?" समीक्षाने विचारलं.

"विचारायचं नस्तंच, बाय. आवण हातात दिलं की दान होतं. शेतात नेऊन लावलं की शेजार होतो. ज्यानं लावलं त्यानं सांगायचं न्हाय, ज्याचं शेत त्यानं विचारायचं न्हाय."

"फारच छान पद्धत आहे," समीक्षा म्हणाली आणि बांधावर मटकन बसली. "उद्या ठाण्याहून साहेब येतायत. पाच गावांचे शेतकरी घेऊन. त्यांना काय दाखवू? याला प्रात्यक्षिक म्हणताच येणार नाही. मला तसं लिहून द्यावं लागेल, काकू. पुढच्या वर्षी मग दुसरं गाव."

मागून शिवदास काठी टेकत आला होता. त्याने शेत पाहिलं आणि पहिल्यांदा मोठ्याने हसला. मग हसू आवरून म्हणाला, "जाऊ दे, पुष्पे. न्हाय जमलं तं न्हाय. पुडच्या साली वरचं पन सोडून देऊ. कोनाला आता ही कटकट."

किती सहज म्हणाला. हरिश्चंद्रही असाच सहज म्हणाला होता.

पुष्पलताने पदर खोचला. "तुमी बसा हितं. पाय खाली ठेवू नका." आणि ती तरातरा विमलाबाईच्या घराकडे निघाली. वाटेत तिचा वेग कमी कमी होत गेला. कारण जाऊन सांगायचं काय? ज्या गोष्टीबद्दल विचारायचं नसतं, ती परत घ्या म्हणून कसं सांगायचं?

विमलाबाई दारात सुके बोंबील निवडत बसली होती, सत्तरीची, आवाजाने विशीची. शेजारी नीलिमा. नीलिमाच्या नखांत अजून हिरवं होतं.

"ये गो," विमलाबाई म्हणाली. "आज आठवन आली? तुज्या लावनीला तं आमची नाय आली."

"काकी, माज्या शेतात कोन आलंवतं?"

"मना काय ठाव! मी दोन दीस घराबाहेर पाय न्हाय ठेवला. नीलिमे, मी कुठं गेली का गो?"

"न्हाय बा. काकी तं हलली पन न्हाय," नीलिमाने हात पदराखाली घेतले.

पुष्पलता उंबऱ्यात बसली. तिला रडू येत होतं आणि हसूही. "मी विचारीत न्हाय कोन ते. पन ज्यानं लावलं त्यानं लई मायेनं लावलं. चूक माजी हाय. मी हाक न्हाय मारली. आवण कमी न्हाय पडलं, काकी. ती जागा मुद्दाम सोडलेली. सरकारी पोरीनं दोरी लावून सोडलेली. तुमी हसाल म्हनून मी गुपचूप लावलं."

विमलाबाईचा हात बोंबलावर थांबला. "दोरी लावून?"

"चिंध्या बांधून."

नीलिमा फिस्सकन हसली. विमलाबाई हसली नाही. "म्हंजे आमी दुपारभर कंबर मोडून तुजं शेत..." ती मधेच थांबली, कबूल करायचं नसतं हे तिला आठवलं. "म्हंजे ज्यानं कोनी लावलं त्यानं तुजं शेत नासवलं म्हन की."

"तसं न्हाय गो काकी. पन उद्या सायेब यायचाय. मधलं उपटाया लागंल. न्हायतर पुडच्या साली ना सरकार येनार ना हे शेतात उतरनार. मंग तितं काय होईल ते तुमाला ठावं हाय. हरिश्चंद्रच्या टाइली रोज बगतो आपन."

कावळा येऊन एक बोंबील घेऊन गेला, तरी विमलाबाईने त्याला शिवी दिली नाही. म्हणजे मामला गंभीर होता.

"उपटू," ती शेवटी म्हणाली. "पन लावलेलं भात उपटून फेकायचं कुठं? माज्या हातून तं रस्त्यावर फेकवनार न्हाय."

"खालचं खाचर मोकलं हाय," पुष्पलताच्या तोंडून निघून गेलं. आणि निघाल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं. नवऱ्याशी केलेला तह तिने बोंबलाच्या पाटीसमोर मोडला होता.

"त्याचा चिखल कोन करील? शिवदास?"

"टिलर हाय की आपला!" नीलिमा उठलीच.

हा टिलर म्हणजे गावच्या बायकांच्या बचत गटाला सरकारी अनुदानातून मिळालेलं नांगरणीचं यंत्र. दोन वर्षं नीलिमाच्या पडवीत होता आणि कामही भरपूर करत होता: दोन वराती, एक साखरपुडा आणि गणपतीची मिरवणूक. शेतात तो अजून उतरलेला नव्हता. मागच्या मोठ्या सीटवर नवरदेवासाठी बांधलेली लाल गादी तशीच होती, हँडलला झिरमिळ्या होत्या.

तो ढकलत-ढकलत बाया खालच्या खाचरापाशी आल्या. वर उलट्या बादलीवर पाय लांब करून शिवदास बसला होता. त्याच्याकडे कुणी बघितलं नाही. नीलिमाने हँडल घातलं आणि फिरवायला लागली. यंत्र खोकलं, थांबलं. पुन्हा खोकलं. तिने पुन्हा फिरवलं, या वेळी उलटं.

जन्मभर टेम्पो चालवलेल्या माणसाला इंजिनाचा तो आवाज सहन होईना. "अगो, मारशील त्याला! चोक दे आदी! चोक!"

"चोक कुठला असतो, दादा?" नीलिमाने भाबडेपणाने विचारलं. वरातीत तीच चालवायची.

शिवदास उठला, काठी घेऊन खाली आला, एका झटक्यात इंजिन चालू केलं आणि लाल गादीवर बसला.

"डॉक्टरनं काय सांगितलंय?" पुष्पलता ओरडली.

"पाय खाली ठेवू नको. वरच हाय ना?"

झिरमिळ्या हलवत टिलर चिखलात उतरला. पुष्पलता बघत राहिली. लग्नात शिवदास बैलगाडीतून आला होता आणि असाच एक खांदा वाकडा करून बसला होता. मिशी तेवढी काळी होती.

"बग, बग," विमलाबाई कानाशी म्हणाली. "हल्दी लावू काय परत?"

मग सगळ्या वरच्या खाचरात उतरल्या. समीक्षाने पुन्हा दोरी ताणली. चिंधीपाशी असेल ते राहील, बाकीचं निघेल. आणि ज्या बाईने जे लावलं तेच ती उपटू लागली, दुसरीच्या चुडाला कुणी हात लावला नाही. मात्र तोंडाने जी ती म्हणत होती, "काय मेलीनं लावलंय! कोनाचा हात हाय हा!"

"थोडं अलगद, आजी, खालची गोळी हलेल," समीक्षा विमलाबाईला म्हणाली.

"आलगदच हाय गो. आनि तुजं लगीन जालं का? न्हाय? मंग एक आयक, नवऱ्याशी असं दोरी लावून अंतर ठेवू नको."

पोरगी लाल झाली आणि दोरीवरची चिंधी सारखी करत बसली.

उपटलेल्या जुड्या खाली गेल्या. पुरेनात, म्हणून आणखी दोन घरांतून उरलेलं आवण आलं. या वेळी सगळ्यांच्या देखत आलं, पण हातात कुणी दिलं नाही, सरळ चिखलात. गाणी झाली, चिखलफेक झाली, समीक्षाचा गुलाबी रेनकोट कुठल्या रंगाचा होता हे सांगावं लागलं असतं. दिवस मावळायला आला तेव्हा दोन्ही खाचरं उभी होती. वरचं ओळीत, शाळेच्या प्रार्थनेसारखं. खालचं शाळा सुटल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. पांढरा शर्ट, काळी छत्री, मागे पाच गावांचे शेतकरी. साहेब बांधावरून चालले, अंतर मोजलं, मान डोलावली. समीक्षाने श्वास सोडला. मग साहेबांनी खाली पाहिलं.

"आणि ते काय?"

समीक्षाने पुष्पलताकडे पाहिलं. पुष्पलताने विमलाबाईकडे. विमलाबाई, जी अर्थातच घराबाहेर पडली नव्हती, बांधावर सगळ्यांच्या पुढे उभी होती.

"तुलनेसाठी आहे, सर," समीक्षा म्हणाली. "पारंपरिक पद्धत."

"स्वतःहून केलंत? उत्तम!" साहेब म्हणाले. परत फिरताना वरच्या खाचराच्या कोपऱ्यात ते थबकले. तिथे ओळ सोडून एक चूड उभा होता, जाडजूड, सहा रोपांचा. "हा एक चुकून राहिलाय वाटतं." ते उपटायला वाकले.

"ऱ्हाऊ द्या, सायेब," शिवदास बादलीवरून म्हणाला. "तो आमचा शेजार हाय."

साहेबांना काही कळलं नाही, पण ते भले होते. त्यांनी हात मागे घेतला. विमलाबाईने नाकाला पदर लावला आणि पाऊस फार लागतोय म्हणाली. पाऊस उघडला होता.

माणसं पांगली. समीक्षा दोरी गुंडाळायला लागली. ऑफिसात परत करायची होती. शिवदास बघत होता. गुंडाळी जवळजवळ पुरी झाल्यावर तो म्हणाला, "ती हितंच ऱ्हाऊ दे गो. दर साली ने-आन कोन करील?"

समीक्षाने वर पाहिलं. बोललं तर मोडेल असं पुष्पलताला वाटलं. ती पुढे झाली, दोरी घेतली, घरात नेऊन टेम्पोच्या जुन्या किल्लीच्या खिळ्यावर अडकवली आणि मगच बाहेर आली.

"आनि गुडघा?" तिने विचारलं.

"दोरी धरायला गुडघा कशाला लागतो?" शिवदास म्हणाला. "पन पुडच्या साली राब मोठा कर. आनि त्या म्हातारीला आदी हाक मार. न्हायतर परत येऊन भरून जाईल."